रेवस धक्क्यावरचा सामना

शनिवार, १४ फेब्रुवारी, दुपारचे चार. रेवसच्या धक्क्यावर एक कोळीण अर्धवट कापलेली सुरमई पुढ्यात ठेवून मोबाइलकडे एकटक पाहत होती. ऑनलाइन खेळांची एक नवी व्यावसायिक लीग यंदा प्रथमच भरली होती. तीत तिची मुलगी खेळत होती. आज हरल्यास तिचा संघ बाहेर पडणार होता.

"जिंकेल का?" मी विचारले.

"गप ऱ्हावा, काका! दर्यावर निघालेल्याला 'कवा येशील' असं कोन इचारतं?"

पडद्यावर ऊन येत होते. मी छत्री धरून उभा राहिलो; माझी लाँच सुटून गेली. अखेर पडद्यावरची मुलगी दोन्ही हात उंचावून उठली. कोळणीने डोळे पुसून सुरी उचलली.

"आता सुरमई घ्या, न्हायतर सरका."

मी सुरमई घेतली आणि पुढच्या लाँचचे तिकीट काढले.