मशीनला माळ आणि मुलाला स्थळ

रक्ताच्या कॅन्सरच्या वॉर्डात किस्से आपोआप साठतात. हसू नंतर येतं, आधी डोकं फिरतं! परदेशात शिकून डॉक्टर म्हणून नाशिकला परतले तेव्हा वाटलं होतं, आपलं भांडण पेशींशी असणार. निघालं ते माणसांशी!

*

सिन्नरच्या संगीताताईच्या कंबरेच्या हाडातून सुईने नमुना काढला. पेशींच्या अंगावर कोणते रिसेप्टर आहेत, हे आमचं मशीन लेझरने ओळखतं. लॅबमध्ये गेले, तर मशीनला झेंडूची माळ!

"मॅडम, आज खंडेनवमी. हत्याराला हात लावायचा नाही," टेक्निशियन म्हणाले.

"आणि पेशी मेल्या तर?"

"नमुन्याच्या बाटलीलाही कुंकू लावलंय की!"

दसरा उलटला, पेशी मेल्या. संगीताताईच्या कंबरेत पुन्हा सुई!

*

"रिसेप्टर म्हंजी काय ओ ताई?" संगीताताईने एकदा विचारलं.

"तिला काय कळणार?" आमचे मोठे डॉक्टर माझ्या कानात म्हणाले.

मी सांगितलंच. रिसेप्टर म्हणजे जणू पेशींचे हात. रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी त्या हातांनी हाडात घट्ट धरून बसतात. तुझ्या भावाला इंजेक्शनं दिली की पकड सुटते, त्या रक्तात उतरतात. मग त्याच्या हाताच्या शिरेतून गोळा करून तुला द्यायच्या.

"सून माहेरी निघाली म्हना की!"

"पण कॅन्सरच्या पेशीही तसंच धरून लपून बसतात."

"त्या सासूबाई!"

सगळा वॉर्ड हसला. मोठे डॉक्टर सोडून!

*

तिला वाचवायला आता भावाच्या पेशी हाच उपाय होता. तपासणीत भाऊ पूर्ण जुळला. दोघांची आई म्हणाली, "त्याचं लग्न जमत आलंय. पोरीवाल्यांना कळलं तर मोडंल. लग्न झाल्यावर बघू."

"तोवर संगीता राहील का?" मी विचारलं.

"ती दिल्या घरची. सासरचे बघतील!" सोबत आलेला मामा म्हणाला.

सासरच्यांच्या पेशी जुळत नाहीत, हे कुणाला सांगू? आणि भाऊ? मोबाईलमध्ये मान घालून उभा!

*

एका दुपारी वॉर्डात वणीची एक मुलगी आली. "ज्या मुलाशी माझं ठरतंय, त्याच्या तपासण्या तुमच्या दवाखान्यात झाल्या म्हणे. काही दोष आहे का?" तिने मुलाचं नाव सांगितलं. संगीताताईचाच भाऊ!

"पेशंटच्या घरचं मला सांगता येत नाही," मी म्हटलं.

पण पलीकडच्या कॉटवरून संगीताताईच म्हणाली, "इकडं ये गं. दोष काय नाय त्याच्यात. मला पेशी द्यायच्यात, येवढंच."

सगळं ऐकून मुलगी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

"मॅडम, मी त्यांना नकार कळवलाय. आता लग्न मोडायची भीती उरली नाही. त्याला इंजेक्शनं कधी देताय?"