बंद बाजारातलं बियाणं

लोणवाडीचा सोमवारचा बाजार बंद केल्याची दवंडी आधी तेलुगूत झाली, मग मराठीत. सत्तावन्न सालचा जेठ होता. जिल्हा नव्या तेलुगू राज्यात जाऊन वर्षही झालं नव्हतं. दवंडीवाला मात्र जुनाच. तेलुगू वाक्यं तो पाठ केल्यासारखी एका दमात म्हणून टाकी आणि मराठीवर आला की त्याचा गळा मोकळा होई.

"तापाची साथ हाय होऽऽ! बाजार भरणार नाही होऽऽ! चार माणसं जमतील त्याले सजा होईल होऽऽ!"

बयनाबाई अंगणात तूर पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"अन् जीन रे? जीन चालू का बंद?"

सडकेवरचा सरकी काढायचा कारखाना, त्याला सगळे जीनच म्हणत. दवंडीवाल्यानं हलगी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"जिनाचं नाव नाही माय हुकमात."

"म्हणजे तापाले जिनात जायाची मनाई हाय म्हण की."

तो हसला आणि घाईनं पुढच्या गल्लीत शिरला.

ताप खोटा नव्हता, हे बयनाबाईला पुरतं माहीत होतं. घरटी एक तरी माणूस कण्हत पडलेलं. जिनात तर एका छपराखाली शंभर माणसं कापसाच्या फुफाट्यात खोकत होती आणि पडेल त्याच्या जागी दुसरा उभा होत होता. दवाखान्यातला डॉक्टर महिनाभर डाक बंगल्यावर मुक्कामाला. तिथं नव्या हद्दीचे कागद करणारे मोठे साहेब उतरले होते आणि त्यांच्यापैकी कुणाला शिंक आली तर डॉक्टर हाताशी हवा, असा वरून हुकूम होता. दवाखान्यात उरला कंपाउंडर. तो सगळ्यांना एकाच बाटलीतलं लाल पाणी देई आणि वर म्हणे, "घाम येऊ द्या."

हे सगळं बयनाबाईनं सोसलंही असतं. पण मृग तोंडावर आला होता आणि तिच्या घरात कणग्या भरून बियाणं होतं.

आजूबाजूच्या पाच-सहा गावांचं ज्वारीचं बियाणं तिच्याकडचं. राखेत घोळून, कडुनिंबाचा पाला घालून, शेणानं लिंपून ठेवलेलं. सासूनं राखलं, मग तिनं. कणीस निवडायचं तेही तिनंच. पोराला हात लावू देत नसे. पण या बियाण्याची एक रीत होती. ते घराच्या दारातून परक्याला द्यायचं नाही. दारातून दिलं तर देणाऱ्याची बरकत जाते आणि घेणाऱ्याचं उगवत नाही. ते बाजारातल्या ओट्यावर न्यायचं, तिथं मापानं द्यायचं. ही रीत एकट्या बयनाबाईची नव्हती, सगळ्या मुलखाची होती. दवंडीच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या खडकीची सोजरबाई कुंपणापर्यंत आली, तिथंच थबकली.

"काकी, आता कसं करावं वं?"

"आत ये अन् घेऊन जाय, म्हटलं तर नेशील का?"

सोजरबाईनं जीभच चावली. "नाही बाई! पेरून वावर वांझ ठिवू का?"

"मग मले काऊन इचारून राह्यली?"

रात्री जेवताना मुलगा नागोराव म्हणाला, "माय, एक साल राहू दे. सरकार बियाणं देणार हाय म्हणते." नागोराव जिनात कामाला होता. मुकादमानं त्याला सांगूनच ठेवलं होतं, घरचं कुणी हुकूम मोडलं तर तुझं नाव कमी.

बयनाबाईनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"मानमोडीच्या साली तू नव्हता. तुह्या आधीचा एक होता."

नागोरावला हे ठाऊक होतं, पण माय त्याबद्दल कधी बोलत नसे. अठरा साली मानमोडीचा ताप आला तेव्हा ती विशीची होती. माणसं कोंबड्यांसारखी माना टाकून गेली. तापातून मात्र तिचं लेकरू वाचलं होतं.

"निजामाच्या लोकांनी तवाही बाजार बंद केले. बियाणं घरात राह्यलं, वावरं पडीत राह्यली. मंग दुसऱ्या साली दाणा नाही. माह्या छातीत दूध नाही. तापानं नाही गेला तो, नागो. तापातून उठून रांगत होता."

नागोरावनं ताटात हात धुतला. मग म्हणाला, "गाडी जुंपू का सोमवारी?"

"अन् जीन?"

"जिनाले माहं काय कवतिक हाय? पडलो तं दुसरा उभा राहीन."

बयनाबाईनं गावोगाव निरोप धाडले. गावाचा एकच माणूस यावा. खोकला असेल त्यानं येऊ नये, शेजाऱ्याला धाडावं. बाजाराच्या वाटेवर जी झाडं आहेत त्यातलं एकेक झाड एकेका गावाचं. आपल्या झाडाखाली थांबायचं, हाक आली की यायचं, घेऊन सरळ घरी जायचं. गप्पा हाणायच्या नाहीत. शेवटची अट पाळणं सगळ्यात जड, हे तिला माहीत होतं.

सोमवारी बाजाराची जागा उघडीबोडकी होती. मोकळ्या ओट्यांवर कुत्री निजलेली. मधल्या ओट्यावर बयनाबाई पोती मांडून, मापाची लाकडी पायली पुढ्यात घेऊन एकटीच बसली; नागोराव जरा लांब गाडीवर. लांब चिंचेखाली खडकीची सोजरबाई, बाभळीखाली दुसऱ्या गावचा चंपतराव, पुढे आणखी कुणी.

चंपतरावाच्या धोतराचा सोगा भरून झाला नाही तोच सायकलवरून गिरदावर विठ्ठलराव आले. तोंडाला रुमाल, मागे धापा टाकत पळणारा चपराशी. विठ्ठलराव जुन्या मराठी घरातले, महसुलाच्या नोकरीत मुरलेले. त्यांच्या बरोबरीचे कितीतरी कारकून पलीकडच्या राज्यात बदलून गेले होते. हे मागे राहिले आणि नव्या साहेबांपुढे दुप्पट वाकू लागले.

"बयनाबाई, उठा."

"बसा की सायेब. जरा दूर बसा, तापाचे दिवस हायेत."

झाडांखालून खसखस पिकली.

"थट्टा नको. बाजार मना आहे. दवंडी ऐकली नाही?"

"दोन्ही भाषेत ऐकली. जिनाचं नाव एकीतही नव्हतं."

"जिनाला खास परवानगी आहे. पावसाआधी गठाणी मालगाडीत चढल्या पाहिजेत. सगळ्या जिल्ह्याचा व्यवहार अडलाय त्यावर."

"गठान भिजन याची फिकीर हाय. अन् वावर कोरडं राहीन त्याची?"

"सरकार बियाणं देणार आहे. वर लिहून गेलंय."

"कवा येते?"

"मंजुरी आली की."

"मंग मृगाले बी एक हुकूम धाडा. थांब म्हणा, मंजुरी येऊन राह्यली."

चपराश्यानं तोंड फिरवून हसू गिळलं. विठ्ठलरावांनी रुमाल खाली ओढला. आवाज उतरवून ते म्हणाले, "बाई, माझीही अडचण समजा. घरी न्या हे सगळं आणि दारातून वाटा. मी पाहिलं नाही म्हणेन."

"तुमच्या मायनं दिलं व्हतं कवा दारातून?"

विठ्ठलरावांनी रुमाल पुन्हा तोंडावर चढवला. त्यांची आई अजून होती आणि घरची डाळसुद्धा तिन्हीसांजेला दारातून देत नसे.

पण हात हलवत परतणंही शक्य नव्हतं. डाक बंगल्यावर जाऊन सांगायचं काय? त्यांची नजर पायलीवर गेली. "माप जप्त करा," ते चपराश्याला म्हणाले. "मापाशिवाय विक्री होत नाही. बाजार उठला असं लिहितो मी."

नागोराव गाडीवरून उडी टाकून पुढे आला. बयनाबाईनं त्याला हातानं मागे सारलं आणि पायली स्वतःच उचलून चपराश्याकडे दिली.

"ने बापा. सांभाळून ने, सासूची हाय."

मग तिनं पदर खोचला, दोन्ही हात पोत्यात घातले आणि ओंजळ भरून बाहेर काढली.

"लिहा सायेब, बाजार उठला. माप नाही, तराजू नाही, पैसाही घेत नाही मी आता. पिकलं की आणून देतील. नाही पिकलं तं नाही देणार. खडकी! ये वं सोजरे, पदर धर. तोंड तिकडं कर, माह्यावर श्वास नको सोडू."

सोजरबाई आली. गिरदावर तिथंच उभे होते, तरी पदर तिनं घट्ट धरला होता. ओंजळी पडत गेल्या.

"सायेब, उद्या धरून न्यायचं असंन तं न्या," बयनाबाई मान वर न करता म्हणाली. "पुढच्या सोमवारी मात्र मले इथं यावं लागते. मूग अन् तूर राह्यली हाय."

विठ्ठलरावांनी सायकल वळवली. पायली कॅरिअरवर बसेना, म्हणून चपराश्यानं ती डोक्यावर घेतली आणि ते दोघे सडकेला लागले.

सोजरबाई मात्र अजून हलली नव्हती. पदरात बघून ती पुटपुटली, "काकी, तुमची ओंजळ लई लहान हाय वं. पायलीत जास्त बसे."

"मग अजून दोन घे," बयनाबाई म्हणाली, "अन् चाल लवकर. पुढच्या झाडाखालचा कोण हाय रे आता?"