वळणावरची चार घरं

केवळरामभाऊ गेल्याचं कळलं तेव्हा मी एका रिसॉर्टच्या कुंपणापाशी टेप धरून उभी होते. नव्या बोर्डाचं माप घेत होते. त्यांच्या बायकोचा, सुमनबाईंचा फोन आला. "ताई, तुमचे भाऊ गेले," एवढंच त्या म्हणाल्या... आणि माणूस कसा असतो पाहा, मी आधी टेपवरचा आकडा वहीत लिहून घेतला आणि मग रडले. नागभीडला घरच्या अंगणात सकाळचा चहा पीत असतानाच त्यांचं हृदय बंद पडलं. त्याला आता सहा आठवडे झाले. लिहायला इतके दिवस लागले, कारण जे लिहायचं होतं ते आधी दुसऱ्या एका माणसाला तोंडाने सांगायचं होतं.

चंद्रपुरात माझं जाहिरातीचं छोटं दुकान आहे. बोर्ड, पत्रकं आणि रिक्षावर भोंगा लावून गावोगाव केलेला पुकारा. पुकारा म्हणजे केवळरामभाऊ. तरुणपणी ते झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या या जंगलपट्ट्यातल्या, नाटकांत विनोदी कामं करायचे आणि दिवसा त्याच नाटकाच्या प्रचारगाडीवर बसून ओरडायचे. माझ्याकडे आले तेव्हा पन्नाशी उलटली होती, पण आवाज खणखणीत. गावाच्या वेशीवर ते रिक्षा थांबवायचे, भेटेल त्याला चार गोष्टी विचारायचे आणि मगच माईक हातात घ्यायचे. एकदा चामोर्शीजवळच्या एका गावात साडीच्या दुकानाची जाहिरात होती. "अवो गिरजाबाई, नातीचं लगन ठरलं म्हनते! मंग आता जुनं लुगडं नेसून वऱ्हाडात जाता का?" सगळं गाव हसत बाहेर आलं. गिरजाबाई लटक्या रागाने काठी घेऊन आल्या आणि दुसऱ्या दिवशी साडी घ्यायलाही गेल्या म्हणे. मी रेकॉर्डिंग करून ठेवू या म्हणून त्यांच्या फार मागे लागले होते. एकदा बोललं की कोणीही वाजवेल, तुमची दगदग वाचेल. ते म्हणाले, "ताई, डब्बा बोलन, पन त्याले गिरजाबाई कुठी ओळखू येते?"

मग आमच्याकडे पर्यटक येऊ लागले. जंगलाच्या कडेला रिसॉर्ट झाली आणि माझ्या दुकानाला बरे दिवस आले. पर्यटकांसाठी इंग्रजी आणि हिंदी बोर्ड: पहाटेचं धुकं, बांबूची झोपडी, वाघाचे डोळे. गावकऱ्यांसाठी भाऊंच्या तोंडून झाडीबोलीत पुकारा: रिसॉर्टात माळी पाहिजे, स्वयंपाकाला बाई पाहिजे, रविवारी गावातल्या लोकांना जेवणात सवलत. एकाच जंगलाच्या दोन जाहिराती मी एकाच टेबलावर बसून लिहीत होते आणि आपण फार हुशार आहोत असं मला वाटत होतं. भाऊ माझे कागद वाचायचे आणि गालात हसायचे. "भाहेरच्यायले सांगाचं, या, वाघ हाय. गावातल्यायले सांगाचं, जाऊ नका, वाघ हाय. अन् वाघाले काय सांगाचं तेबी लिहून ठेवा एकडाव." मी हसले होते. तेव्हा हसू येत होतं.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं ते रिसॉर्ट रस्त्याच्या एका वळणाच्या अलीकडे होतं. वळणावर चार घरांची टोली आणि पुढे मोठं गाव. मोहफुलांचे दिवस होते. बायका पहाटेच टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, वाकून फुलं वेचतात. त्याच पट्ट्यात पिल्लांसह एक वाघीण आल्याचं वनरक्षकाने ग्रामपंचायतीला कळवलं आणि सरपंचांनी भाऊंना पुकारा करायला सांगितलं. भाऊ निघालेच होते, तेवढ्यात मला रिसॉर्टच्या मॅनेजरचा फोन आला. गेटासमोर हे ओरडू नका, पाहुणे घाबरतात, लहान मुलं आहेत. मी भाऊंना लगेच फोन केला. म्हटलं, गेटापासून वळण संपेपर्यंत भोंगा बंद ठेवा, पुढे गावात हवं तेवढं ओरडा.

"अन् वळनावरच्या चार घरायले कोन सांगन?"

"कळेल हो त्यांना. एवढंसं तर गाव आहे."

भाऊ "बरं" म्हणाले. आयुष्यात एवढी घाईची आणि एवढी स्वस्त गोष्ट मी दुसरी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या चार घरांतली शेवंता मोह वेचायला गेली. तिला वाघिणीने मारलं. तिच्यासोबत गेलेल्या जावेने टोपली टाकून पळत येऊन सांगितलं.

ग्रामपंचायतीसमोर गर्दी झाली तेव्हा मीही तिथे होते. शेवंताचा नवरा देवाजी भाऊंसमोर उभा राहिला. ओरडला नाही. "आमच्या घरापाशी काऊन नाई सांगतलं, भाऊ?" भाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी फाईल छातीशी धरून उभी होते. तोंड उघडलं असतं तर दोन वाक्यांचं काम होतं. भाऊ म्हणाले, "भोंगा बिघडला होता तेवढ्यात. माह्याच हातून झालं." परतताना रिक्षात मी म्हटलं, भाऊ, तुम्ही असं का... तर समोर बघत म्हणाले, "तुमचं दुकान त्या गेटावर चालते, ताई. माहं काय, मी नाटकवाला. खोटं बोलाची सवय हाय मले."

त्यानंतर त्यांनी माईक धरला नाही. मी बोलवत राहिले, ते टाळत राहिले. आणि मी काय केलं? त्याच महिन्यात मॅनेजर म्हणाला, वाघीण इथेच फिरते आहे, चौकशा वाढल्यात, मोठा बोर्ड करा. मी केला. वाघिणीचा मोठा फोटो आणि खाली दोन पिल्लं. फार सुंदर झाला होता. लोक त्याच्यासमोर उभे राहून अजून फोटो काढतात.

पाच वर्षं गेली. भाऊंना भेटायला मी नागभीडला जायचे, पण त्या विषयावर आम्ही बोललो नाही. त्यांनी मला माफ केलं होतं की नाही, ते कळलं नाही. विचारायची हिंमत नव्हती, आणि आता तर विचारायला माणूसच नाही. दहाव्याला गेले तेव्हा सुमनबाईंनी एक गोष्ट सांगितली. दरवर्षी मोह फुलला की भाऊ एसटीने त्या गावाला जायचे. मोहाचे दिवस संपेपर्यंत ओळखीच्या एकाकडे मुक्काम करायचे आणि रोज दुपारी वनरक्षकाला विचारून त्या चार घरांपुढे पायी जाऊन उद्या कुठल्या बाजूला जाऊ नये ते सांगायचे. भोंगा नाही, माईक नाही. मला याचा पत्ता नव्हता.

गेल्या आठवड्यात मी त्या टोलीवर गेले. देवाजी अंगणात मोहफुलं वाळवत होता. मला पाहून घरातून बाज आणली, झटकली आणि सावलीत टाकून दिली. मी बसले आणि सगळं सांगितलं. मॅनेजरचा फोन, माझा फोन, भाऊंचा प्रश्न. भोंगा बिघडला नव्हता, मी बंद करायला लावला होता. तो ओरडेल, हाकलून देईल असं वाटलं होतं. खरं सांगायचं तर तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. तो फुलं पसरतच राहिला.

"बिघडला नोता, हे आमाले ठाऊक होतं," तो म्हणाला. "पुढं गावात वाजला ना. आमी घरून आयकला, बोल काई समजले नाई. आमाले वाटलं, तो रिसॉर्टवाल्यायचा मानूस झाला."

"मग ते दरवर्षी यायचे तेव्हा?"

"येत होता. उन्हात उभा राहून सांगत होता. आमी आयकून घेत होतो, बोलत नोतो." त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तो जिता होता तवा तुमी सांगतलं असतं, ताई, त त्याले बस तरी म्हटलं असतं."

मी त्या बाजेवरून उठले. ती मला त्याने मी न मागताच टाकून दिली होती.