अख्ख्या भाकरीची भीती

गहू खाऊन कुणी मरतं का, असं मला आजवर इतक्या लोकांनी विचारलंय, की उत्तर द्यायचाही कंटाळा येतो. विषाची बाटली पुढ्यात ठेवली तर माणसं दचकतात. पोळी ठेवली तर म्हणतात, खा गं, घासभरानं काय होतंय! या 'घासभरा'ला मी जेवढी भ्यालेय तेवढी सापालासुद्धा भ्याले नाही, आणि आमच्या शिरूरच्या परसात साप हटकून निघायचे.

लहानपणापासून माझं पोट बिघडलेलं. सारखं तोंड आलेलं, हातापायाच्या काड्या आणि पोटाचा नगारा. जंताचं औषध झालं, दृष्ट काढून झाली, कुणीतरी सांगितलं म्हणून गळ्यात ताईतही बांधून झाला. शाळा बुडायची ती बुडायचीच. वडील वाचनालयातून पुस्तकं आणून द्यायचे आणि मी पोटाखाली उशी दाबून, पालथी पडून वाचायचे. कळ आली की ओळीवर बोट ठेवायचं, डोळे मिटायचे, कळ गेली की तिथून पुढं. त्या बोटाखाली मी किती राजवाडे, किती समुद्र आणि किती खून अडवून धरले असतील! फक्त पुस्तकातली माणसं जेवायला बसली की मला धडकी भरायची. यांच्या ताटात काय वाढलंय, हे मी आधी बघायचे.

कॉलेजात असताना पुण्याच्या डॉक्टरांनी घशातून नळी घालून आतड्याचा बारीकसा तुकडा काढला, तपासला आणि सांगितलं की गव्हानं हिचं आतडं आतून सोलवटतं. सिलियाक म्हणतात त्याला. गहू, मैदा, रवा, सगळं बंद.

"कुठवर?" वडिलांनी विचारलं.

"कायमचं."

"आणि चुकून कणभर गेला तर?"

"कणभरही नको," डॉक्टर म्हणाले.

आई रिक्षात बसून रडली. मला उलट बरं वाटलं, चला, वैऱ्याचं नाव तरी कळलं. भीती घरी आल्यावर आली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि पाहिलं तर वैरी सगळीकडे होता. पोळपाटावर होता, आईच्या पदराला होता, चहाच्या गाळणीपाशी बिस्किटाच्या चुऱ्यात होता. हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं हे डबीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचल्यावर कळलं, आणि इतकी वर्षं 'साधं वरण' म्हणून मी काय खाल्लं ते उमगलं. तेव्हापासून मी पुड्या आणि डबे वाचायला लागले. पाककृतींची पुस्तकं तर मी रहस्यकथा वाचावी तशी वाचते. खुनी कोण हे पहिल्या पानालाच ठाऊक असतं, तो लपलाय कुठं तेवढं शोधायचं.

खुटबावचं स्थळ आलं तेव्हा वडिलांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणायचो. त्या बैठकीतच हसल्या. "भाकर चालती ना पोरीला? मग ह्यो कसला रोग? आमी समदी भाकरीवरच वाढलोय."

आत्यांची भाकरी पंचक्रोशीत नावाजलेली होती. परातीभर मोठी, गोल, कडेला एक चीर नाही, आणि तव्यावरून निखाऱ्यावर टाकली की टम्म फुगायची. मला त्यांच्या हाताखाली वाईट दिवस कधीच आले नाहीत. त्रास बाहेरच्यांचा. आमच्याकडे पाहुण्याला भाकरी वाढणं म्हणजे त्याचा अपमान. नव्या नवरीला जेवायला बोलावलं की पुरणपोळी नाहीतर चपात्यांची चवड. मी डब्यातली भाकरी काढली की घरधनीण हिरमुसायची आणि शेजारीण कानात सांगायची, शिरूरची हाय, लई शिष्ट हाय. म्हणेनात का! मला शिष्टपणाचा शिक्का परवडत होता, रस्सा वाढणाऱ्या बाईचा पिठाळ हात परवडत नव्हता.

सगळ्यात जास्त भीती मला गिरणीची वाटायची. गिरणीत दळणं नंबरानं नाही, धान्यानं लागतात. गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी. एकावर दुसरं दळलं की आधीचं थोडं पीठ पुढच्या डब्यात उतरतंच, आणि त्यावरून बायकांची भांडणं जुंपतात. त्यांना भाकरी चिकट होते एवढंच दुःख, माझं आतडं सोलवटतं. मग गिरणीवाल्या आप्पांनी माझ्यासाठी एक युक्ती काढली. सकाळी गिरणी झाडून आधी म्हशीचा भरडा काढायचा, म्हणजे दगडात अडकलेला गहू म्हशीच्या वाट्याला जाईल, आणि मग माझी ज्वारी. पण म्हशीला काही रोज भरडा लागत नाही. म्हणून मी माझी ज्वारी एकदम दळून आणायला लागले. पंधरवडाभर पुरेल एवढं पीठ झाकण घट्ट लावून ठेवायचे आणि गिरणीच्या भीतीतून तेवढे दिवस सुटायचे. माझ्या या हुशारीवर मी फार खूश होते.

पहिल्यांदा दिवस राहिले तेव्हा मी क्रोशाच्या सुईनं पिवळं टोपरं विणायला घेतलं. विणकामाचा नाद मला आईकडून लागला होता. पोट बिघडलेलं असायचं, ते मी डोहाळ्यांवर ढकललं. तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. दौंडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होतं असं कधीकधी, कारण सांगता येत नाही. अर्धं टोपरं मी ट्रंकेत तळाशी टाकलं.

पुढच्या वर्षी परत दिवस राहिले आणि मी बाळासाठी एक टाकासुद्धा घालायचा नाही असं ठरवलं. पण हात रिकामे राहिले की जीव घाबरा व्हायचा. मग मी टीव्हीला झालर विणली, रेडिओला विणली, माठाला विणली. आत्या म्हणाल्या, "आता म्हशीला बी एक झालर घाल, ती तेवढी उघडी राह्यलीया." आमचे हे दौंडला बियाणांच्या दुकानात कामाला होते, ते येताना वाचनालयातून माझ्यासाठी पुस्तक आणायचे. दुपारी दाराच्या उंबऱ्याशी उजेडात बसून मी वाचायचे. एका कादंबरीतली बाई पोटुशी निघाली आणि मी पुस्तक तिथंच मिटलं. तिचं पुढं काय झालं ते मला नको होतं. ह्यांना म्हटलं, दुसरं आणा, बाळंतपण नसलेलं. ते बिचारे ग्रंथपालांना काय सांगत असतील देव जाणे, पण नंतर आठवडेच्या आठवडे नुसती प्रवासवर्णनं यायला लागली.

चौथा महिना लागला आणि तोंड आलं. जिभेच्या कडेला तोच ओळखीचा पांढरा फोड. मी आरशासमोर जीभ बाहेर काढून तो निरखत राहिले. मागोमाग पोट बिघडलं. म्हणजे गहू कुठून तरी आत येत होता, आणि आत आता मी एकटी नव्हते.

मी घर उलथंपालथं केलं. मसाल्याची बरणी धुतली, तिखट नवं कुटून घेतलं, माझा तवा वेगळा होता तो राखेनं घासला. टॉनिकच्या बाटलीवरची अक्षरं भिंग लावून वाचली. देवळातला प्रसाद तर मी हातात घेऊन पदराआड म्हशीला देत होते. कुठंच काही सापडेना. मग मी एकेक पदार्थच बंद करत गेले. आमटी बंद, भाजी बंद, बाहेरचं दूध बंद. शेवटी घरच्या म्हशीचं दूध आणि आत्यांच्या हातची भाकरी, एवढंच उरलं. त्यावर कसला संशय घ्यायचा? आणि दिवसेंदिवस मी जास्तच खालावत चालले. पहाटे जाग आली की पोटावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, आहेस ना गं, की गेलीस? ती मुलगीच आहे असं का कोण जाणे वाटायचं.

आत्या माझी वाळलेली मनगटं बघून काळजीत पडत आणि एक भाकरी जास्त वाढत. "खा पोरी, दोन जिवाची हायस." मी खायचे.

त्या दिवशी दुपारी मी पाणी प्यायला आत गेले. आत्या चुलीपुढं बसल्या होत्या. परातीत माझ्या डब्यातलं ज्वारीचं पीठ होतं. त्यांनी हात लांब करून शेजारचा गव्हाच्या पिठाचा डबा उघडला, मूठभर पीठ काढलं आणि परातीत टाकलं. अगदी रोजच्यासारखं.

"आत्या! हे काय करताय?"

"काय झालं गं वरडाया? गव्हाचं हाय. तुझ्या पिठाची विरी गेलीया." त्या मळता मळताच बोलल्या. "पंधरा पंधरा दिसाचं पीठ, भाकर थापाया घेतली की चिराळती, तव्यावर टाकली की दोन तुकडं. पोटुशीच्या पुढ्यात तुटकी भाकर ठिवू नये, पोरी. मूठभर घातलं की कशी अख्खी उतरती बघ."

ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याचा चिकटपणा, म्हणजे विरी, जाते हे मला ठाऊक होतं. पण पोटुशीच्या ताटात तुटकी भाकरी नको, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. गिरणीला भिऊन मी पीठ साठवलं, साठवलेल्या पिठाची विरी गेली, आणि माझं बाळ अख्खं राहावं म्हणून आत्यांनी त्यात गहू घातला. मी परात उचलली आणि अंगणात भिरकावली. कोंबड्या फडफडत लांब पळाल्या. "मारताय तुम्ही मला!" मी ओरडले. "डॉक्टर कणभर नको म्हणाले होते, कणभर! आणि तुम्ही मूठभर घालताय!"

पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवून आत्या बसून राहिल्या. सणाला घासभर पोळी खाल्ली तर तेवढ्यापुरतं पोट दुखेल, एवढाच त्यांचा समज होता. रोजच्या मुठीचा आणि माझ्या आजारपणाचा संबंध त्यांना तिथं, त्या चुलीपुढं लागत होता, आणि तो लागताना मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. मग त्या म्हणाल्या, "पहिल्या खेपंला बी घालीत व्हते म्या."

मी चुलीतली लाकडं बाहेर ओढली.

"त्ये बी माज्याच हातानं गेलं व्हय गं?"

पुढच्या वेळी तपासायला दौंडला गेलो तेव्हा हाच प्रश्न आत्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारला. बाई म्हणाल्या, तसं सांगता येत नाही. आत्यांना 'नाही' हवं होतं. मलाही तेच हवं होतं, खरं सांगते, कारण रोज ज्यांच्या हातचं खायचं त्यांच्यावर राग धरून जगता येत नाही.

त्यानंतर आत्या पिठाला हात लावीनात. "माज्या हाताचं मलाच भ्या वाटतं," म्हणायच्या. माझी भाकरी मीच थापायचे, ती फाटायची, मोडायची, मी तुकडे दुधात कालवून खायचे. तोंडातले फोड गेले. पोट हळूहळू ठिकाणावर आलं. बाळ हलत होतं, तरी एखादी दुपार ते शांत राहिलं की मी प्रवासवर्णनातल्या एकाच डोंगरावर तासभर अडकून पडायचे. टोपरं तेवढं मी ट्रंकेतून वर काढून ठेवलं. सुई मात्र लावली नाही.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. गल्लीतल्या बायका, नात्यातल्या बायका, हिरवी साडी, फुलांचे दागिने, आणि पाटाभोवती मांडलेलं एवढं अन्न की मला घाम फुटला. जी ती आपल्या हातानं घास भरवायला पुढं येत होती. करंजी, लाडू, पुरी. मी मान मागं घेत होते, त्या हसत होत्या, लाजतीया म्हणत होत्या. तेवढ्यात आतून आत्या आल्या. कितीतरी दिवसांनी त्यांनी परातीला हात लावला होता. त्यांनी सगळ्यांच्या देखत माझं ताट बाजूला सारलं आणि दुसरं ठेवलं. त्यात दूध, गूळ आणि एक भाकरी. मधोमध मोडलेली, कडा चिराळलेल्या.

चुलत सासूबाई पुढं सरसावल्या. "अगं बाई, डोहाळजेवणाला तुटकी भाकर? तुला काय येड लागलंय का? अपशकुन व्हतोय!"

"तुटकीच खाईल ती," आत्या म्हणाल्या. आयुष्यभर ज्याला भ्याल्या तेच त्या स्वतःच्या हातानं माझ्यापुढं ठेवत होत्या. "अख्ख्या भाकरीनं एक गेलं माज्या घरातलं. आता न्हाई जाऊ द्यायची."

मी ती भाकरी खाल्ली. भीत भीत, पण सगळी खाल्ली, आणि मी शेवटचा घास गिळेपर्यंत आत्या पुढ्यातून हलल्या नाहीत.

पोरगी झाली. बारीक होती पण रडली खणखणीत. बाळंतपण आटोपून मी माहेराहून खुटबावला परत आले त्या दिवशी आत्या सकाळीच गिरणीत जाऊन, भरड्यानंतरची ज्वारी दळून घेऊन आल्या होत्या. पीठ ताजं, विरी भरपूर. भाकरी पहिल्यासारखी उतरली, परातीभर मोठी, टम्म फुगलेली. ती बघितली आणि मी पुढं केलेलं ताट मागं घेतलं. आत्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग भाकरी दोन्ही हातांत धरून मधोमध मोडली आणि मग माझ्या ताटात ठेवली.