बांध कोणाचा

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या ओटीवर मार्क्सवादाचा वर्ग भरायचा आणि चहा मी करायची. मुंबईहून युनियनचे एक कॉम्रेड यायचे. खांद्याला झोळी, तोंडात सतत 'वरकड मूल्य'. कामगार दिवसभरात जेवढं निर्माण करतो त्यातला चिमूटभर वाटा मजुरी म्हणून त्याच्या हातावर टेकवतात, बाकीचं मालक गिळतो. एवढी साधी गोष्ट ते इतकी अवघड करून सांगायचे की माझ्या बापाला डुलकी लागायची. मला मात्र ती पहिल्याच दिवशी कळली, कारण मी रोज कारखान्यात पिंपं भरत होते.

कारखाना रंगाचा. जासईच्या अलीकडे, खाडीला लागून, आमचं मिठागर होतं त्याच जागी. नवं शहर वसवायचं म्हणून जमीन गेली आणि बऱ्याच आरडाओरड्यानंतर घरातल्या एकाला नोकरी मिळाली, ती मला. गावातले आम्ही 'कायम'. आमच्याच शेजारी उभ्या राहून तीच पावडर तशाच पिंपांत भरणाऱ्या मराठवाड्यातल्या बायका 'कंत्राटी'. कारखान्याच्या मागच्या भिंतीला टेकून त्यांच्या झोपड्या होत्या. गाव त्यांना 'बाहेरच्या' म्हणायचं, आणि त्या बौद्ध म्हणून काही घरांत त्यांच्या हातचं पाणीही चालत नसे. गावाची बढाई मारताना लोक हे गाळतात, मी गाळणार नाही.

त्यांतली एक माझी जोडीदारीण. पिंपाची एक कड ती धरायची, दुसरी मी. पावडरने तिच्या हातांची सालं निघाली होती. तिने मुकादमाकडे रबरी हातमोजे मागितले. दुसऱ्या दिवशी तिला गेटवरच अडवलं, आणि तिची बाजू घेतली म्हणून बाकीच्या कंत्राटी बायकांनाही घरी बसवलं. माझं डोकंच फिरलं. मी काम टाकून बाहेर आले, माझ्यामागे आमचं खातं आलं, आणि संप सुरू झाला. मागणी एकच होती: त्या बायका परत आत, हातमोज्यांसकट.

श्रावणातल्या अमावास्येला, भर दुपारी उधाण चढलेलं असताना, कोणीतरी ओरडलं, "खांड गेली!" खांड म्हणजे खाडीच्या बांधाला पडलेलं भगदाड. ही हाक आली की आमच्याकडे हातातलं टाकून धावायचं, बांध कोणाचा ते विचारायचं नाही. भाऊबंदकीत कोर्टाची पायरी चढलेलेसुद्धा तेव्हा एका रांगेत उभे राहतात. गेटवर बसलेला आमचा अख्खा संप उठला आणि कारखान्याच्या मागे पळाला. कोणी खुंट ठोकले, कोणी पेंढा कोंबला, कोणी चिखलाची ढेकळं कापून हातोहात पुढे दिली. सगळ्यात पुढे छातीभर पाण्यात माझा बाप, त्याच्यामागे मी, माझ्यामागे जोडीदारीण. तिच्या हातचं पाणी न पिणाऱ्या बायका तिच्या हातात चिखल देत होत्या. खांड बुजली.

आणि मग बघतो तर काय, आम्ही मालकाचं गोदाम वाचवलं होतं.

कॉम्रेड बांधावर चपला हातात घेऊन उभे होते. "संपकरी मालकाचा माल वाचवतात, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय," ते म्हणाले. "उद्या तो तुमचे आभार मानेल आणि तुम्हाला फोडेल."

"बांद फुटला तं घालावाचा," बाप म्हणाला. "त्यान मालक कुठं आला?"

"सगळीकडे तोच आहे, बाबा."

मला दोघांचाही राग आला. झोपड्याही वाचल्या होत्या, हे कॉम्रेडना दिसत नव्हतं, आणि बापाला गोदाम दिसत नव्हतं. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. त्या पाण्यात मुकादम नव्हता, मॅनेजर नव्हता, नफा तर नव्हताच, तरी काम झालं होतं. ज्याला जे जमेल ते त्याने केलं होतं. माणूस मुळातच आपमतलबी, समाजवाद त्याला झेपायचा नाही, असं सांगणारे शहाणे मला पुढे पायलीचे पन्नास भेटले. त्यांना मी एवढंच म्हणते, आधी एकदा खांडीत उतरा, मग बोलू.

कॉम्रेडचं मात्र खरं ठरलं. दुसऱ्या दिवशी मॅनेजर पेढे घेऊन गेटबाहेर आला. "तुम्ही कंपनीला आपलं मानलंत," तो म्हणाला. "गावच्या सगळ्या कायम कामगारांनी उद्यापासून कामावर या. कंत्राटी बायकांचा विषय वेगळा आहे."

बापाने पेढा घेतला. "जा बाय कामाला," तो मला हळूच म्हणाला. "मिठागर गेला. आता नोकरी पन घालवतंस?"

जोडीदारीणही तेच म्हणाली. "तू जाय बाई. माझ्यापायी तुझ्या घरची चूल कामून इझवायची?"

मी तिलाच झापलं. "तुझ्यापायी कोण बसलंय? आज तुला काढलं, उद्या मला कंत्राटी करतील." मग मॅनेजरला म्हटलं, "साहेब, पेढे घेऊन जा. आमचा विषय एकच आहे." काहीजण मान खाली घालून आत गेले, त्यात माझा चुलतभाऊही होता. आम्ही बाकीचे बसून राहिलो. बापाने माझ्याशी बोलणं टाकलं. घरात आमच्या दोघांच्या पोटाला माझाच पगार होता, त्याचा राग मला कळत होता. तरी मी हलले नाही.

मग कंपनीने एक शहाणपणा केला. संपवाले मागून शिरतील म्हणून बांधावर काटेरी तार ओढली आणि पाटी लावली. बापाला वाचता येत नसे. तो मला तिथे घेऊन गेला आणि पाटी वाचायला लावली. 'खासगी मालमत्ता. प्रवेश सक्त मना.'

"माज्या आज्यान घातलेला बांद हाय ह्यो," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी भिंतीमागच्या, पाण्याच्या वाटेतल्या झोपड्या हलवून आमच्या घरामागच्या उंचवट्यावर आणायला तोच पुढे होता.

पौर्णिमेच्या उधाणाला कंपनीचा वॉचमन धावत गावात आला. पुन्हा खांड गेली होती. सवयीने सगळे उठले, पण बाप ओट्यावरून हलला नाही. या हाकेला बसून राहिलेला बाप मी जन्मात पाहिला नव्हता. त्याच्याकडे बघून एकेकजण थांबला. थोड्या वेळाने मॅनेजर स्वतः जीप घेऊन आला.

"बाबा, चला लवकर. पाणी गोदामात शिरतंय."

"तितं पाटी हाय, सायेब. आमाना मनाई हाय."

"पाटी आत्ता काढतो."

"पाटी काढ, तार काढ, आनि त्या बायांना कामावर घे." आमच्या बोलीत साहेबालाही 'तू'च.

"ते मुंबईला विचारावं लागेल."

"इचार. आमी बसलोंय."

मॅनेजरने खाडीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "बरं, घेतो," तो म्हणाला.

"मना नको सांगू. तिला सांग."

अख्खं गाव बघत होतं. मॅनेजर ओल्या बुटांनी उंचवटा चढून माझ्या जोडीदारणीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "उद्यापासून सगळ्याजणी कामावर या."

"आन् हातमोजे?" तिने विचारलं.

"मिळतील."

तिने पदर खोचला आणि बांधाकडे चालू लागली. तेव्हा कुठे माझा बाप ओट्यावरून उठला.