भाटकरांच्या घरातला समुद्र

सदाशिव भाटकर पिंपरीला आला तो चौसष्ट साली. पहिल्याच आठवड्यात त्याने घरी पत्र टाकलं की इथे सगळं बरं आहे, फक्त वाऱ्याला वास नाही. रत्नागिरीच्या वरच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी त्याचं गाव. ओहोटी लागली की खडकांमधल्या डबक्यांत मासे अडकायचे आणि सदाशिवचं सगळं लहानपण त्या डबक्यांवर ओणवं होऊन गेलं होतं. पिंपरीत त्याला औषधांच्या एका कंपनीत काम मिळालं तेही पाण्याचंच. बॉयलरला जाणारं पाणी जड किती, त्यात क्षार किती, अमोनिया किती, हे दिवसातून तीनदा काचेच्या नळ्या उजेडाकडे धरून पाहायचं. कंपनीत त्याला 'पाणीवाले भाटकर' म्हणत. त्यात त्याला कधी कमीपणा वाटला नाही.

त्याच वर्षी लग्न झालं, कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. बायको सुमेधा सांगलीकडची, चिंचवडच्या शाळेत शिक्षिका, माहेर शुद्ध शाकाहारी. सदाशिव मासे बाहेर खायचा आणि घरी गप्प बसायचा. असा दहा वर्षांचा सुरळीत संसार होता.

चौऱ्याहत्तर साली दोघं एका लग्नाला मुंबईला गेली आणि तिथलं मत्स्यालय पाहून आली. सुमेधा तासाभरात कंटाळली. सदाशिव एका टाकीसमोरून हलेना. त्याने तिथल्या पहारेकऱ्याला विचारलं, "हे पाणी आणता कुठून?"

"समोरून. समुद्र काय लांब आहे?" पहारेकरी म्हणाला. "तुम्ही कुठले?"

"पुण्याकडचे. पिंपरी."

"मग विसरा. खाऱ्या पाण्याचा मासा घाट चढत नाही."

माणूस सहज बोलून गेला, पण सदाशिवच्या मनाला ते लागलं. परतीच्या वाटेवर तळेगाव आल्यावर तो म्हणाला, "आपल्या बाहेरच्या खोलीत कपाटाशेजारी जागा आहे." सुमेधाने खिडकीबाहेर पाहिलं. नवऱ्याचा हा सूर तिच्या ओळखीचा होता.

टाकी त्याने स्वतः उभी केली. लोखंडी पट्ट्यांची चौकट, चारी बाजूंनी जाड काच, आणि खाऱ्या पाण्याने लोखंड खाऊ नये म्हणून कंपनीत आम्लाच्या टाक्यांना देतात तसल्या रंगाचे तीन हात. तळाशी भोकं पाडलेली जाळी, तिच्यावर चार बोटं वाळू आणि शिंपल्यांचा चुरा, आणि वाळूतून पाणी खेळतं राहावं म्हणून बुडबुडे सोडणारा एक छोटा पंप. मग मे महिन्यात रजा काढून तो गावी गेला आणि समुद्राचं पाणी भरलेले सात मोठे कॅन घेऊन रत्नागिरीच्या स्टँडवर उभा राहिला.

एस.टी.च्या कंडक्टरने कॅनकडे पाहिलं, मग सदाशिवकडे. "काय आहे?"

"पाणी."

"एवढं? पुण्याला पाणी नाही होय?"

"समुद्राचं आहे."

कंडक्टरचा चेहरा बदलला. कॅनमधून काय काय वाहून नेतात हे त्याला नवीन नव्हतं. त्याने एका कॅनचं बूच उघडलं, वास घेतला, बोट बुडवून जिभेला लावलं आणि रस्त्यावर थुंकला. "खारं आहे हो खरंच!" तो सगळ्या गाडीला ऐकू जाईल असा ओरडला. "चढवा वर. पण गळलं तर टपावरच्या आंब्यांचं लोणचं होईल!"

बरोबर एका डब्यात सहा मासे होते. बोटभर लांबीचे, पिवळसर अंगावर काळे पट्टे असलेले. वाटभर तो डबा मांडीवर घेऊन त्याने सायकलच्या पंपाने त्यांना हवा दिली. सहाही जिवंत पोचले. त्याच दिवशी टाकी भरली, मासे सोडले, शेजारीपाजारी बघून गेले. सदाशिव असा खूश होता की जेवायचं विसरला.

चौथ्या दिवशी सकाळी सहापैकी एकही जिवंत नव्हता.

पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. ना वास, ना गढूळपणा. सदाशिवने ते प्रयोगशाळेत नेऊन अमोनिया दाखवणारं औषध टाकलं, तर नळी चहासारखी तपकिरी झाली. मासे आपल्याच घाणीत गुदमरले होते. आपण पाणीवाले म्हणवतो आणि आपल्याच घरातलं पाणी आधी तपासलं नाही, याची त्याला इतकी शरम वाटली की त्याने ठरवलं, गुरुवारी सुट्टी आहे, टाकी उपसून मोकळं व्हायचं.

बुधवारी ही गोष्ट त्याने ज्योतीराम सुरवसेला सांगितली. ज्योतीराम उस्मानाबादकडचा. कंपनीच्या सांडपाण्याच्या प्लँटवर काम करायचा, त्यामुळे कँटीनमध्ये त्याच्याशेजारी बसायला फारसं कुणी तयार नसायचं. सदाशिव बसायचा.

ज्योतीरामने भाकरीचा तुकडा हातातच ठेवला. "पाणी कशामुळं सांडायलाव, भाटकरराव?"

"खराब झालं."

"खराब नाही, कच्चं हाय. आमचा प्लँट चालू झाला तवा काय झालतं, ठाव हाय का? महिनाभर नुस्ती घाण आत आली अन् घाणच भायेर गेली. सायब लोक डोक्याला हात लावून बसलेले. मग सहाव्या आठवड्यात आपोआप पाणी निवळलं. घाण खाणारे जंतू असतेत. ते आधी बसावे लागतेत. दुधाला विरजण लावल्यावर तुमी दर घंट्याला गाडगं हलवून बगता का?"

"मग करू काय?"

"त्यांला खायाला घाला अन् गुमान बसा."

सदाशिव त्याच संध्याकाळी पिंपरीच्या बाजारातून एक कोळंबी घेऊन आला आणि टाकीत टाकली. सुमेधाने विचारलं, "ही कुणासाठी? टाकीत तर कुणीच नाही."

"ही सडायला ठेवलीय."

सुमेधा त्याच्याकडे बघतच राहिली. ज्या घरात दहा वर्षांत कोळंबी शिजली नव्हती, त्या घरात ती आता सडणार होती. पण ती रागावली नाही. तिने फक्त उदबत्तीचा पुडा टाकीजवळ आणून ठेवला आणि म्हणाली, "नीट समजावून सांग. मुलांना शिकवते मी, मलाही समजेल."

त्याने सांगितलं. आधी अमोनिया वाढेल, तो खाणारे जंतू वाळूत तयार होतील. ते त्याचं नायट्राइट करतील, तेही माशांना विषच. मग नायट्राइट खाणारे दुसरे जंतू येतील. दोन्ही विषं संपली की टाकी पिकली. त्याची शिफ्ट बदलती, म्हणून तपासायचं काम हळूहळू सुमेधाकडेच आलं. रोज संध्याकाळी पदर खोचून ती दोन नळ्यांत पाणी घ्यायची, एक अमोनियाची, एक नायट्राइटची, थेंब मोजून औषध टाकायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची. 'पिवळा.' 'गडद पिवळा.' 'तपकिरी.' सोळाव्या दिवशी अमोनिया फिका पडला, पण दुसरी नळी गुलाबी झाली आणि पुढे अशी गडद झाली की जणू कुंकू कालवलं. ती आठवडाभर हललीच नाही. सदाशिवचा धीर सुटत आला. "टाकू का उपसून?" त्याने एकदा विचारलंही.

"खबरदार," सुमेधा म्हणाली. "माझी मुलं पाढे पाठ करायला याहून जास्त वेळ घेतात."

सदतिसाव्या दिवशी सदाशिव पहिल्या शिफ्टहून घरी आला तर ती दारातच उभी होती, दोन्ही हातांत एकेक नळी. दोन्हीतलं पाणी नितळ. ती नळ्या उंच धरून हसत राहिली.

त्या खेपेला त्याने घाई केली नाही. गणपतीला गावी गेला तेव्हा एकच मासा आणला. तो महिनाभर जगला, मग दुसरा आणला. दिवाळीला पाठीवर शंख घेऊन फिरणारा एक खेकडा आला. पुढच्या मेमध्ये ओल्या गोणपाटात गुंडाळून दोन दगड आले. त्यातल्या एकाला चिकटलेलं समुद्रफूल पहिले तीन दिवस आवळलेल्या मुठीसारखं मिटून बसलं होतं. चौथ्या दिवशी दुपारी ते उमललं. हिरवट बोटं, टोकांना जांभळा रंग, पाण्याबरोबर डुलणारी.

ते पाहायला कोण कोण आलं! ज्योतीराम बायकोमुलांसह आला आणि माशांऐवजी बराच वेळ वाळूकडेच बघत बसला. दूध घालायला येणाऱ्या यशोदाबाई पिंपरी गावातल्या जुन्या घरातल्या. साठी उलटली तरी त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. चरवी खाली ठेवून त्या काचेला नाक लावून उभ्या राहिल्या.

"ह्ये फूल हाय का जनावर?"

"जनावर आहे, मावशी. खातंसुद्धा."

"मंग देवाला वाहता येत न्हाई म्हना," त्या म्हणाल्या, आणि जरा वेळाने, "पर घडवलंय त्यानंच, व्हय ना?"

शहात्तरच्या पावसाळ्यात ट्रान्स्फॉर्मर जळाला आणि कॉलनीत दोन दिवस वीज नव्हती. पंप बंद पडला. तासाभरात मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंड उघडमीट करू लागले. सदाशिव धावत पंक्चरवाल्याकडे गेला, ट्रकची जुनी ट्यूब तट्ट फुगवून आणली आणि तिच्या वाल्व्हला बारीक नळी जोडून हवा हळूहळू टाकीत सोडली. एक ट्यूब जेमतेम दोन तास पुरायची. मग कॉलनीतल्या माणसांनी पाळ्या लावल्या, ज्याची शिफ्ट सुटेल त्याने ट्यूब भरून आणायची. यशोदाबाईंनी तर आपल्या थोरल्याला सायकलवर पाठवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पंप पुन्हा गुरगुरू लागला तेव्हा एकही मासा मेलेला नव्हता, आणि सुमेधाने अठरा कप चहा केला.

त्यानंतर सांगण्यासारखं संकट आलं नाही. उन्हाळ्यात पाणी आटायचं, तेव्हा गोडं पाणी घालायचं, मीठ उडून जात नाही हे सुमेधाच सगळ्यांना समजावून सांगायची. दर मेमध्ये कॅन गावी जायचे आणि भरून यायचे. एका समुद्रफुलाची फाटून दोन झाली, मग चार.

एक्याऐंशी साली दोघांनी चिंचवडला स्वतःचं घर बांधायला घेतलं. नकाशा सुमेधाने वहीच्या कागदावर काढला. सर्वांत आधी तिने उत्तरेच्या अंगाला, जिथे ऊन येत नाही तिथे, एक चौकोन काढला आणि त्याच्या चारी बाजूंना चालायला वाट सोडली. गवंडी सोपानराव कागद उलटसुलट करून बघत होते.

"वैनी, ही देवाची खोली का?"

"नाही, टाकीची जागा. खाली पाया चांगला भरून घ्या."

"आन देव?"

सुमेधाने सदाशिवकडे पाहिलं. तो नुसताच हसत होता.

"देवांना स्वयंपाकघरात कोनाडा करा," ती म्हणाली. "ते समजून घेतील."