आयोगासमोर व्हर्ना खरं बोलली

कॅनडातल्या विनिपेगच्या ‘लँटर्न’ वाहिनीत व्हर्ना ओलेनिकचं काम एकच होतं, फोन उचलायचा आणि लोकांचं ऐकून घ्यायचं. लँटर्न म्हणजे दरमहा पैसे भरून घरबसल्या सिनेमे बघायची छोटीशी वाहिनी. टीव्हीजवळचा डबा बिघडला, सिनेमाचा शेवट पटला नाही, नटीचे कपडे कमी वाटले, काहीही झालं की लोक व्हर्नाला फोन लावत. अकरा वर्षांत तिचा हात असा बसला होता, की तावातावाने सुरुवात केलेला माणूस पाच मिनिटांत स्वतःच्या गुडघेदुखीवर येई.

मालक हालडोर ब्योर्नसन गिमलीच्या मच्छीमार घराण्यातला. माणूस दिलदार, पण शब्द देताना मागचापुढचा विचार न करणारा. सात वर्षांपूर्वी परवाना वाढवून घेताना त्याने प्रसारण आयोगाला सांगून टाकलं होतं, की दरवर्षी आपल्या पश्चिमेकडच्या प्रांतांत तयार झालेले दहा नवे सिनेमे दाखवू. आता तेवढे सिनेमे निघतच नव्हते, तर दाखवणार कुठून? मग हाती लागलेले चारच तो फिरवून फिरवून लावी. त्यातल्या एकात एक विधुर हरवलेलं कुत्रं शोधत बर्फात हिंडतो. तो इतक्यांदा लागला, की लोक फोन करून विचारत, “आज तरी सापडतंय का हो त्याला ते कुत्रं?”

चौऱ्याण्णव सालच्या फेब्रुवारीत परवान्याच्या नूतनीकरणाची सुनावणी लागली, राजधानी ओटावाच्या नदीपलीकडे, हल नावाच्या गावात. टोरांटोहून फेअरवेदर नावाचा वकील नेमला होता. बोलणं असं गुळगुळीत, की माशी बसली तर घसरावी. प्रेक्षकांच्या पत्रांची सहा खोकी न्यायची होती आणि कुठलं पत्र कुठे आहे हे फक्त व्हर्नालाच ठाऊक, म्हणून तिलाही विमानात बसवलं.

“तुम्ही मागच्या रांगेत बसायचं,” वकिलाने बजावलं. “मी मागेन ते पत्र द्यायचं. बोलायचं नाही.”

“अकरा वर्षं बोलण्याचाच पगार घेतेय,” व्हर्ना म्हणाली. “एक दिवस सुट्टी मिळाली तर बरंच.”

आयोगाच्या अध्यक्षबाई लुसिएन टेसिए बारीक चणीच्या होत्या. त्यांनी चष्मा नाकावर ओढला आणि पहिलाच प्रश्न नेमका दुखऱ्या जागी टाकला. “दरवर्षी दहा सिनेमांचं वचन होतं. किती दाखवलेत?”

फेअरवेदर उठला. “मॅडम, आकड्यांपेक्षा त्या वचनामागची भावना आम्ही कसोशीने जपली आहे.”

मागे व्हर्नाला फस्सकन हसू आलं. तिने खोकल्याचं सोंग केलं, पण सभागृह शांत होतं.

“त्या बाई कोण?” टेसिएबाईंनी विचारलं.

“आमच्या मदतनीस. कागदपत्रांसाठी आल्यात.”

“प्रेक्षकांचे फोन मीच घेते, मॅडम,” व्हर्ना बसल्या जागेवरून म्हणाली.

“मग तुम्हीच सांगा. किती?”

व्हर्नाने हालडोरकडे पाहिलं. तो टेबलाकडे बघत होता. खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. घरी नवरा रेल्वेतून निवृत्त झालेला, दोघांचं घर तिच्याच पगारावर चाललेलं. पण रोज ज्यांचं ऐकून घ्यायचं त्यांच्या वतीने काय थाप मारणार?

“वर्षाला दहा नाही, सात वर्षांत मिळून चार,” ती म्हणाली. “त्यातला एक एकोणीस वेळा.”

फेअरवेदरच्या तोंडचं पाणी पळालं. व्हर्नाला मात्र आता थांबवेना.

“पण सिनेमे नाहीत म्हणजे काहीच नाही असं नाही, मॅडम. लोक स्वतः काढलेल्या चित्रफिती पाठवतात. चर्चिल गावच्या एका नर्सने वर्षभर दवाखान्याच्या खिडकीतून गाव टिपलंय. डॉफिनच्या एका मास्तरांनी गावातल्या म्हाताऱ्यांना युक्रेनियन गाणी म्हणायला लावलीत. आम्ही ‘दर्जात बसत नाही’ असं पत्र जोडून सगळं परत पाठवतो. ती पत्रं मीच टाईप करते. मी ते सगळं बघते आधी. आमच्या निम्म्या सिनेमांपेक्षा बरं असतं.”

“ते दाखवायचं ठरलं तर निवड कोण करेल?”

“ते मालकांना विचारा.”

हालडोर सावकाश उठला. “हीच करेल,” तो म्हणाला आणि खाली बसला.

बाहेर आल्यावर वकील पुटपुटला, “याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.” परतीच्या विमानात मॅनिटोबाची, म्हणजे आपल्या प्रांताची, हद्द लागली. तेव्हा हालडोर म्हणाला, “एकोणीस वेळा हे सांगायलाच हवं होतं का गं?”

“खरं तर बावीस. तुझ्याकडे बघून तीन कमी केले.”

तो हसला नाही, पण आपल्या ताटातली केकचा तुकडा त्याने तिच्याकडे सरकवली.

जूनमध्ये निकाल आला. सात वर्षांऐवजी तीनच वर्षांचा परवाना, आणि अट अशी, की दर रविवारी दुपारी एक तास प्रेक्षकांच्या फितींना द्यायचा. फेअरवेदरच्या मते ही शिक्षा होती. व्हर्नाने मात्र नर्सबाईंना स्वतः फोन लावला.

“तुमची फीत पुन्हा पाठवता का? या वेळी पत्र जोडणार नाही.”

“कोण बोलतंय?” नर्सबाईंचा विश्वास बसेना. “तुम्हीच नाकारली होती ना?”

“हो, मीच. चुकलं.”

पहिल्या रविवारी व्हर्ना मुद्दाम कचेरीत जाऊन बसली. कार्यक्रम संपताच फोन खणखणू लागले. कुणाला त्या नर्सचा पत्ता हवा होता, तर सेलकर्कची एक म्हातारी तक्रार करत होती, की डॉफिनवाल्यांनी गाण्याचं तिसरं कडवं चुकीचं म्हटलं. “मग तुम्ही म्हणून पाठवा,” व्हर्ना म्हणाली. म्हातारीने खरंच पाठवलं.

तीन वर्षांनी पुन्हा हल. या वेळी व्हर्ना पुढच्या टेबलाशी होती, समोरच्या पाटीवर तिचं नाव होतं. टेसिएबाईंनी विचारलं, घरोघरी छपरांवर उपग्रहाच्या तबकड्या लागताहेत, शेकडो वाहिन्या येणार, तुमचं भवितव्य काय?

“माहीत नाही, मॅडम,” व्हर्ना म्हणाली. “मोठे मासे गिळतीलही आम्हाला. पण पुढच्या चौदा महिन्यांचे रविवार भरलेत, एवढं माहीत आहे.”

परवाना पूर्ण सात वर्षांचा मिळाला. ती मुदत संपेपर्यंत व्हर्ना तिथेच होती. पाटीवर नाव आलं तरी सकाळचे पहिले दोन तास फोन तीच घेई. दुसऱ्या कुणाला तिने ते दिले नाहीत.